झिजलेलं कार्ट्रिज घरच्या घरी कसं बदलायचं

ख्यालाच्या एलपीची मांडणी बहुधा ठरलेली असते. बाहेरच्या कडेला आलापी, मग विलंबित, आणि आत लेबलजवळ पोचेपर्यंत द्रुत आणि ताना. गायकाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पण सुईच्या दृष्टीने याहून वाईट मांडणी नाही. ३३⅓ च्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१० मिलिमीटर सरकते. लेबलजवळ, मध्यापासून ६० मिलिमीटरवर, तोच वेग २१० वर येतो. म्हणजे तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. झिजलेली किंवा वाकडी बसलेली सुई विलंबितात कशीबशी निभावून नेते आणि द्रुत तानेत उघडी पडते. तानेतले स्वर एकमेकांत चिकटतात, 'स' आणि 'श' फिस्कारतात, तंबोऱ्याच्या जवारीला भाजलेल्या पापडासारखा आवाज येतो. त्यामुळे कार्ट्रिज, म्हणजे आर्मच्या (सुई धरणाऱ्या फिरत्या हाताच्या) टोकाचा सुई बसवलेला भाग, बदलताना कौल एकाच जागी मागायचा: बाजूच्या शेवटच्या तीन मिनिटांत.

आधी खात्री करा

झीज समजून बदललेल्या कित्येक सुया नुसत्या मळलेल्या असतात. भिंगातून टोकाकडे बघा. राखाडी गोळा दिसला तर कोरड्या मेलामाइन स्पंजच्या छोट्या तुकड्यावर सुई क्यू लिव्हरने (आर्म वर-खाली करणाऱ्या खटक्याने) सरळ खाली टेकवा, सरळ वर उचला. असं चार-पाच वेळा. स्पंज बाजूला ओढायचा नाही, नाहीतर सुईची दांडी, म्हणजे कँटिलिव्हर, हातात येईल. ब्रश वापरत असाल तर नेहमी मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बुडाकडून आपल्याकडे. स्पिरिट किंवा इतर द्रव नको. तो दांडीवरून आतल्या रबरापर्यंत चढतो.

साफ करूनही शेवटच्या खाचांत फाटका आवाज येत असेल, तर क्वचितच वाजवलेली एक रेकॉर्ड लावा. तीही तशीच वाजली तर दोष सुईचा किंवा जुळणीचा. ती छान वाजली तर दोष पहिल्या रेकॉर्डचा, आणि नव्या सुईने ती बरी होणार नाही.

तासांचा हिशेब सगळ्यात खरा. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांचं आयुष्य असं सांगते: गोल टोक ५०० तास, लंबवर्तुळाकार ३००, शिबाता ८००, मायक्रोलिनियर (दोन्ही आणखी बारीक कडेचे आकार) १०००. रोज एक एलपी, म्हणजे ४० मिनिटं, धरली तर लंबवर्तुळाकार सुई सव्वा वर्षात संपते आणि मायक्रोलिनियर चार वर्षं चालते. वडिलांच्या वेळेपासून 'एकदम ओके' चालणारी सुई ओके नसते. ती रोज थोडी रेकॉर्ड तासत असते.

तिसरी गोष्ट रबराची. दांडी ज्या रबरी बुशात बसवलेली असते तो वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेत कडक होतो किंवा बसतो. सुई टेकवल्यावर कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला जवळजवळ घासत असेल तर रबर गेलं समजा. याच कारणासाठी चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात मिळणाऱ्या 'सीलपॅक' तीस वर्षं जुन्या सुईचा मोह टाळा. हिरा नवा असतो, पण रबर तीस वर्षांचंच असतं.

नुसती सुई की पूर्ण कार्ट्रिज

आपल्याकडे काय आहे त्यावर हे ठरतं.

ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६० सारख्या स्वस्त ऑटोमॅटिक प्लेअरवर कार्ट्रिज आर्ममध्येच घडवलेलं असतं. तिथे फक्त सुई बदलते. पुढून खाली ओढली की निघते, नवी टक् आवाज करून बसते. हा लेख त्यांच्यासाठी इथेच संपला.

सूटकेसवाले प्लेअर आणि जुने एचएमव्ही, गॅरार्ड, बीएसआर चेंजर यांवर सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचं आउटपुट काहीशे मिलिव्होल्ट, म्हणून ते अँपच्या ऑक्स इनपुटमध्ये थेट चालतं. तिथे मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवायचा हट्ट धरू नका. मॅग्नेटिकचं आउटपुट जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट असतं, त्याला हा क्षीण सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीअँप लागतो, आणि पाच-सहा ग्रॅम दाबासाठी बनवलेला आर्म दोन ग्रॅमवर नीट फिरत नाही. अशा यंत्रावर तशीच सिरॅमिक सुई शोधणं शहाणपणाचं.

कार्ट्रिज एकाच स्क्रूने आडवं अडकलेलं असेल तर ते पी-माउंट. ६ ग्रॅम वजन आणि १.२५ ग्रॅम दाब हे प्रमाण ठरलेलं, त्यामुळे जुनं ओढून काढायचं, नवं घुसवायचं, स्क्रू लावायचा. जुळणी नाही, वजन नाही.

राहिलं ते सर्वांत जास्त आढळणारं अर्ध्या इंचाचं माउंट: दोन स्क्रू, मध्ये १२.७ मिलिमीटर अंतर. खरं काम इथेच. यातही मूव्हिंग मॅग्नेट (दांडीसोबत चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजची सुई वेगळी मिळते. ऑर्टोफॉनचं २एम रेड असेल तर त्याच बॉडीवर २एम ब्लूची सुई बसते. मात्र ब्राँझ आणि ब्लॅकची बॉडी वेगळी. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत सगळ्या सुया एकाच बॉडीवर चालतात. पण डेनॉन डीएल-१०३ सारख्या मूव्हिंग कॉइलची (दांडीसोबत तारेची गुंडाळी हलणाऱ्या कार्ट्रिजची) सुई घरी बदलता येत नाही. त्यांचं आउटपुटही ०.३ मिलिव्होल्ट, त्यामुळे साध्या फोनो इनपुटला जोडलं तर व्हॉल्यूम पूर्ण वाढवूनही गाणं कुजबुजल्यासारखं येतं. शुअरने २०१८ साली कार्ट्रिज-सुयांचा धंदा बंद केला. घरात शुअरची चांगली बॉडी असेल तर ती टाकू नका, जपानच्या जिको कंपनीच्या सुया तिला मिळतात.

कोणती सुई घ्यावी

टोकाच्या आकारावर पैसे खर्च करा, बॉडीवर नाही. कारण हिशेबात आहे. लेबलजवळ १० किलोहर्ट्झच्या एका लाटेची लांबी फक्त २१ मायक्रॉन असते. गोल टोकाची त्रिज्या १५ मायक्रॉनच्या आसपास. एवढा गोळा त्या लाटेच्या खोबणीत मावतच नाही, तो वरवरून उड्या मारत जातो. लंबवर्तुळाकार टोकाची बाजूची त्रिज्या साडेसात मायक्रॉनच्या घरात, मायक्रोलिनियरची तीन. ख्याल, ठुमरी, सतार-सरोद ऐकणाऱ्यांनी निदान लंबवर्तुळाकार घ्यावी, आणि परवडत असेल तर थेट मायक्रोलिनियर. किंमत दुपटीपेक्षा जास्त वाटते, पण आयुष्य तिप्पट आहे.

अर्थात बारीक टोक बोलकंही असतं. ज्या रेकॉर्डवर आधीच्या मालकाने जड सिरॅमिक सुई फिरवली आहे, तिथे ते खाचेच्या न झिजलेल्या भागाला स्पर्श करून कधी चमत्कार करतं आणि कधी सगळे ओरखडे वाचून दाखवतं. दोन्हींची तयारी ठेवा.

७८ च्या तबकड्यांना यातली एकही सुई लावायची नाही. त्यांची खाच जवळपास तिप्पट रुंद. एलपीची सुई तळाला जाऊन खडखडते. भारतात १९६० च्या दशकातही ७८ निघत होत्या, त्यामुळे नाट्यसंगीताचे गठ्ठे बऱ्याच घरांत आहेत. व्हीएम९५ च्या बॉडीवर एसपी नावाची ७८ ची सुई बसते, ३ मिल (सुमारे ७६ मायक्रॉन) त्रिज्येची, ५ ग्रॅम दाबाची. सुई बदलली की दाबही बदलायचा, आणि परत एलपी लावताना दोन्ही उलट करायचं. हे विसरून २ ग्रॅमची सुई ५ ग्रॅमवर टेकवली की दांडी बसलीच.

आर्म आणि कार्ट्रिजची जोडीही बघावी लागते. आर्मचं प्रभावी वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज घ्या, तिला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या (कंप्लायन्सच्या) आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर, म्हणजे या जोडीची स्वतःची कंपनसंख्या, ८ ते १२ हर्ट्झ यावं. १२ ग्रॅमचा आर्म आणि ७.२ ग्रॅमचं २एम रेड, स्क्रूसकट २० ग्रॅम, लवचीकता २०, उत्तर ८ च्या किंचित खाली. चालतं, पण वाकड्या रेकॉर्डवर वूफर पुढे-मागे हलताना दिसेल. जपानी कंपन्या लवचीकता १०० हर्ट्झवर मोजून छापतात. तो आकडा पावणेदोन ते दोन पटीने वाढवूनच सूत्रात घाला. हे न केल्यामुळे चांगली जोडी विनाकारण नाकारली जाते.

काय जवळ ठेवायचं

छोटा स्क्रू ड्रायव्हर, टोकदार चिमटा, दोन टूथपिक, भिंग, मोबाइलचा टॉर्च, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल सुईकाटा, आणि जुळणीचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे रेषा आणि बिंदू छापलेला कागद. स्क्रू २.५ मिलिमीटर जाडीचे, ८ ते १२ लांबीचे. ते पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे असले तर उत्तम, कारण कार्ट्रिजमधलं चुंबक लोखंडी हत्यार खसकन ओढून घेतं आणि मधे सुई आली तर तीही जाते. प्रोट्रॅक्टर छापून घेत असाल तर प्रिंटरला 'फिट टू पेज' करू देऊ नका. १०० टक्क्यांवर छापा आणि पट्टीने मोजून बघा. ९७ टक्क्यांवर छापलेला प्रोट्रॅक्टर नसलेलाच बरा.

जुनं काढणं

अँप बंद, प्लेअरचा प्लग बाहेर, आर्म स्टँडवर कुलपात, सुईवर गार्ड. प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर, जुना टॉवेल अंथरा. पडलेला स्क्रू मॅटखाली गेला की अर्धा तास गेला. मागच्या चार तारांचा मोबाइलवर फोटो घ्या.

हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज अडकवलेला आर्मचा पुढचा तुकडा, सुटणारा असेल, जसा टेक्निक्स एसएल-१२०० वर असतो, तर कॉलर सैल करून तो काढा आणि टेबलावर काम करा. नसेल तर आर्मवरच, आणि दुप्पट सावकाश.

तारेच्या टोकाला धातूची छोटी नळी असते, ती पिनवर चढलेली असते. चिमट्याने त्या नळीलाच धरायचं, तारेला नाही. तार केसाएवढी असते आणि तिचा सांधा नळीच्या तोंडाशीच तुटतो. चिमटा पिनच्या रेषेत ठेवा, किंचित डावी-उजवी हालचाल द्या, म्हणजे नळी सुटल्याचं बोटांना कळतं. मग सरळ मागे ओढा. चारही सुटल्यावर, एका हाताने कार्ट्रिज धरून, दोन्ही स्क्रू काढा.

नवं बसवणं

गार्ड अजून लावलेलाच. तारा आधी जोडा, कारण कार्ट्रिज मोकळं असताना पिना समोर येतात. पांढरी डावं धन, निळी डावं ऋण, लाल उजवं धन, हिरवी उजवं ऋण. कार्ट्रिजवरच्या खुणा बघून लावा, फोटोवर विसंबू नका: सगळ्या कंपन्यांच्या पिनांची मांडणी सारखी नसते. नळी सैल असेल तर चिमट्याने हलकेच दाबा. घट्ट असेल तर टूथपिकचं टोक आत घालून किंचित उघडा. जोर लावून ढकलली की पिन आत सरकते आणि कॉइलची तार तुटते. पिनवर सोल्डरचा डाग द्यायचा विचार मनातसुद्धा आणू नका, उष्णता आतपर्यंत जाते. आणि मूव्हिंग कॉइल मल्टिमीटरने तपासू नका.

आता स्क्रू. व्हीएम९५ च्या बॉडीत आटे आहेत, नट लागत नाहीत. बाकी ठिकाणी नट बोटाने धरावा लागतो. स्क्रू एवढेच आवळा की कार्ट्रिज हलवलं तर सरकेल, सोडलं तर राहील.

दाब

अँटीस्केट, म्हणजे आर्मची आतली ओढ रोखणारी सेटिंग, शून्यावर आणा. सुईचा गार्ड काढा, कारण त्याचंही वजन मोजलं जातं. आर्म कुलपातून सोडून फिंगर लिफ्टला धरा आणि मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असं करा. तरंगताना बोट लिफ्टखालीच असू द्या. पहिल्या प्रयत्नात आर्म हमखास खाली जातो. तरंगला की वजन धरून ठेवून फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणा, मग दोन्ही मिळून कार्ट्रिजच्या शिफारशीइतकं फिरवा: व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, २एम रेडला १.८.

मग सुईकाट्यावर पडताळा. कडीवरच्या आकड्यात ०.२ ग्रॅमचा फरक सर्रास असतो. काट्याचा माथा रेकॉर्डच्या उंचीला असावा. जाड काटा मॅटवर ठेवून मोजलं तर आकडा चुकतो. 'रेकॉर्ड झिजू नये' म्हणून शिफारशीपेक्षा कमी दाब ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. ती उलटी आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींवर आपटते. सांगितलेल्या पट्ट्यात मधला किंवा किंचित वरचा दाब घ्या.

जुळणी

घाई करायची नाही ती इथे.

पिव्हटवर फिरणारा आर्म रेकॉर्डभर खाचेला समांतर राहू शकत नाही. तो फक्त दोन ठिकाणी अचूक असतो, आणि ती ठिकाणं कुठे घ्यायची हे तुमच्या हातात आहे. बेअरवाल्ड पद्धतीत मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर, स्टीव्हन्सनमध्ये ६०.३ आणि ११७.४ वर. बेअरवाल्डमध्ये चूक सगळ्या रेकॉर्डभर सारखी वाटली जाते. स्टीव्हन्सन मधल्या भागात थोडं सोडतो आणि अगदी शेवटच्या खाचा सांभाळतो. बावीस-पंचवीस मिनिटांच्या लांब बाजू, लेबलला भिडलेल्या ताना हेच ऐकणार असाल तर स्टीव्हन्सन घ्या. चित्रपट-भावगीतांच्या एलपीला बेअरवाल्ड. एसएल-१२०० चा स्वतःचा गेजही शेवटच्या खाचांकडेच झुकलेला आहे: हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर.

प्रोट्रॅक्टर स्पिंडलवर (मधल्या खुंटीवर) बसवा. प्लॅटर फिरू नये म्हणून खाली कागदाची घडी घाला. सुई आतल्या बिंदूवर अलगद टेकवा. आता समोरून, डोळा प्लॅटरच्या पातळीला आणून, दांडीकडे बघा. कार्ट्रिजच्या बॉडीकडे नाही. बॉडी सरळ आणि दांडी किंचित तिरकी, असं स्वस्त कार्ट्रिजमध्ये बरेचदा असतं. दांडी छापील रेषांना समांतर हवी. नसेल तर सुई उचला, कार्ट्रिज जरा वळवा, पुन्हा टेकवा. सुई टेकलेली असताना कार्ट्रिज कधीही वळवू नका. मग बाहेरचा बिंदू. तिथे दांडी स्पिंडलच्या बाजूला झुकते की बाहेर, ते बघून कार्ट्रिज हेडशेलमध्ये अर्धा मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकवा, आणि परत आतल्या बिंदूवर या. चार-सहा फेऱ्यांत दोन्ही बिंदू जुळतात. पहिल्या वेळेला तासभर लागतो.

जुळल्यावर स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळला की कार्ट्रिज त्या बाजूला फिरतं आणि तासाभराची मेहनत जाते. आवळून झालं की दोन्ही बिंदू परत तपासा, आणि दाबही. ६ ग्रॅमचं कार्ट्रिज ५ मिलिमीटर पुढे सरकलं तर दाबात सव्वा दशांश ग्रॅमची भर पडते.

उंची, तिरकेपणा, अँटीस्केट

रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना आर्म बाजूने बघून आडवा दिसला की उंची पुरे झाली. २३० मिलिमीटरच्या आर्मची उंची १ मिलिमीटर बदलली तर सुईचा कोन पाव अंशाने बदलतो. यावर रात्री जागवणारे शौकीन आहेत. त्यांना जागू द्या. आर्म मागून बराच वर असेल तर आवाज कर्कश, बराच खाली असेल तर मंद, एवढं लक्षात ठेवा.

तिरकेपणासाठी पातळ आरशावर सुई टेकवून समोरून बघा. कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब मिळून सरळ उभी रेषा दिसावी, 'क' च्या दांड्यासारखी. मोडलेली दिसली तर हेडशेल किंचित फिरवा.

अँटीस्केट दाबाइतकं ठेवून सुरू करा. कमी असेल तर आर्म आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरची, म्हणजे उजव्या चॅनलची भिंत सुटते. म्हणून शेवटच्या तानांत उजवीकडे आधी फाटलं तर अँटीस्केट थोडं वाढवा, डावीकडे फाटलं तर कमी करा. खाचा नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर सुई स्थिर ठेवून करायची चाचणी सोडून द्या, तिथे खाचेचं घर्षणच नसतं.

ऐकताना काय बिघडू शकतं

पहिली रेकॉर्ड अशी घ्या की जिच्यात सुरुवातीला नुसता तंबोरा आहे आणि शेवटी आवाजाची मोठी तान. भीमसेन जोशींची कुठलीही द्रुत चालेल.

एक बाजू मुकी: तारेची नळी पिनवर पोचलेली नाही, किंवा हेडशेलच्या चार टोकांवर काट आहे, कोरड्या कापडाने पुसा. सतत गुणगुण: काळी ग्राउंड वायर अँपला लावायची राहिली. आवाज दोन्हीकडून येतो पण मधे गायक नाही, तबल्याचा डग्गा पोकळ: एका चॅनलचं धन-ऋण उलटं लागलं आहे. सुई बाहेर किंवा आत घसरते: आधी प्लॅटरची पातळी, मग दाब बघा. सगळं बरोबर असून वरचे स्वर टोचतात: ऑडिओ-टेक्निकाला १०० ते २०० पिकोफॅरड लोड (केबल आणि अँपची मिळून धारिता) लागतो आणि साध्या केबलचा एक मीटरच १०० च्या आसपास खातो, त्यात अँपचा वेगळा. केबल आखूड करा. कार्ट्रिज बदलायच्या आधी ही केबल बदलून बघितली तर बऱ्याचदा पैसे वाचतात.

पहिले वीस-तीस तास रबर मोकळं होत असतं, आवाज जरा आखडलेला वाटेल. त्यानंतर दाब एकदा परत मोजा.

सुईच्या डबीवर पेन्सिलीने तारीख लिहून ती प्लेअरशेजारी ठेवा आणि प्रत्येक एलपीला एक रेघ मारा. ४५० रेघा झाल्या की लंबवर्तुळाकार सुईचे ३०० तास भरले. जुन्या कार्ट्रिजची बॉडी ठेवा, ती झिजत नाही. जुनी सुई मात्र त्याच दिवशी चिमट्याने मोडून कचऱ्यात टाका, नाहीतर वर्षभराने कपाटात सापडून कोणीतरी ती परत लावतं.